हात दुखतो? सायकल तपासा!

जाड टायरांच्या, गिअर असलेल्या सायकली आता गावोगावी दिसतात. सुट्टीच्या दिवशी त्या घेऊन डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जाणारी मुले-मुलीही पुष्कळ आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र अशी फेरी करून आलेल्यांची एक तक्रार हमखास असते : अंगठ्याच्या मुळाशी दुखते, तळहात बधिर होतो, करंगळीला मुंग्या येतात. त्यावर वडीलधाऱ्यांचे उत्तरही ठरलेले असते : “होईल सवय!” हे उत्तर अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्धे खरे ते असे. दंडाचे आणि पाठीचे स्नायू सरावाने बळकट होतात. पहिल्या फेरीनंतर दुखलेले दंड दहाव्या फेरीनंतर तितके दुखत नाहीत. पण मुंग्या आणि बधिरपणा म्हणजे स्नायूंचा थकवा नव्हे. मज्जातंतू दाबला जात असल्याचा तो इशारा आहे आणि दाब सोसून मज्जातंतू काही बळकट होत नाही.

तळहाताच्या बाजूने दोन मुख्य मज्जातंतू हातात येतात. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू यांची संवेदना अल्नर या मज्जातंतूकडे असते. मनगटापाशी तो एका अरुंद बोगद्यातून जातो. फेलिक्स ग्युयाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ग्युयाँचा बोगदा म्हणतात. सायकलचे हँडल नेमके याच जागेवर टेकते. दुसरा मज्जातंतू मिडियन. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची उरलेली बाजू त्याच्या वाट्याला येते. मनगट मागे वाकवून धरले की याच्या वाटेतील दाब वाढतो. म्हणजे कोणते बोट बधिर झाले, यावरून दाब कोठे पडला याचा अंदाज करता येतो. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल, तर तेथील कंडरांवर ताण आलेला असू शकतो. फ्रिट्झ द केरव्हँ या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली वर्णिलेला विकार याच जागचा. गिअर बदलण्यासाठी अंगठा पुन्हा पुन्हा ताणावा लागला, की या भागाला त्रास होतो.

आता थोडे गणित करू. समजा, विद्यार्थ्याचे वजन ४८ किलोग्रॅम आहे आणि त्याचा चौथा हिस्सा हातांवर आला. म्हणजे प्रत्येक हातावर ६ किलोग्रॅम भार. तो ३० चौरस सेंटीमीटरवर पसरला, तर दर चौरस सेंटीमीटरला ०.२ किलोग्रॅम दाब येतो. तोच भार तळहाताच्या कडेच्या ३ चौरस सेंटीमीटरवर आला, तर दाब २ किलोग्रॅम, म्हणजे दहापट! भार तोच, हात तोच. बदलले ते फक्त क्षेत्रफळ.

शिवाय हादरे आहेतच. ताशी १८ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ५ मीटर. वाटेत दर २० सेंटीमीटरवर एक खडा धरला, तर सेकंदाला २५ हादरे होतात आणि दहा मिनिटांत १५,००० ! हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या अमेरिकेतील चुनखडीच्या कारागिरांची बोटे पांढरी पडून बधिर होत. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे त्यांची पाहणी केली. ते कारागीर रोज तेच काम करत, तरी त्यांच्या बोटांना ‘सवय’ झाली नव्हती. सुट्टीतल्या फेरीची तुलना त्यांच्या दिवसभराच्या कामाशी करता येणार नाही, पण सवयीने सारे बरे होते हा समज किती पोकळ आहे, ते यावरून कळते.

मग दोष कोणाचा? बहुधा मापाचा. आपल्याकडे मुलांचे कपडे जसे ‘वाढत्या अंगाचे’ घेतात, तशीच सायकलही घेतात. सैल सदऱ्याने कोणाचे नुकसान होत नाही. सायकलीचे तसे नाही. मोठ्या सायकलीवर मुलाला पुढे ओणवे व्हावे लागते आणि धडाचा भार हातांवर येतो. ब्रेकची दांडी लहान बोटांना दूर पडते, मूठ सैल करून ती ओढावी लागते. उतारावर ज्या हाताने ब्रेक दाबायचा, तोच बधिर झाला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून हा प्रश्न केवळ दुखण्याचा नाही, सुरक्षिततेचाही आहे.

डोंगरी सायकलीचा इतिहासही हेच सांगतो. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत १९७६ साली काही तरुणांनी जुन्या जड सायकलींवरून डोंगर-उताराच्या शर्यती सुरू केल्या. मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि ते नव्याने भरावे लागे. त्यावरून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. ते तरुण सवय होण्याची वाट पाहत बसले नाहीत. १९७७ साली त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी नवी सायकल बांधली. त्यांनी यंत्र बदलले, म्हणून हा खेळ वाढला.

यंत्र बदलणे म्हणजे नवी सायकल घेणे नव्हे. पुष्कळदा एक पाना पुरतो. सीटचे टोक खाली झुकले असेल, तर शरीर पुढे घसरते. सीट सपाट करावी. हँडल फार पुढे किंवा खाली असेल, तर शक्य तेवढे वर-मागे घ्यावे. बोटे ब्रेकवर ठेवली असता हाताची मागची बाजू आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत यावा, अशी ब्रेकची दांडी फिरवावी. बऱ्याच ब्रेकना दांडी जवळ आणणारा छोटा स्क्रू असतो. गिअरचा खटका अंगठा न ताणता पोहोचेल असा सरकवावा. टायरवर छापलेल्या मर्यादेतच, पण खडकाळ वाटेसाठी हवा थोडी कमी ठेवावी. कोपरे किंचित वाकवावीत आणि मूठ आवळू नये. हातमोजे चांगलेच, पण मापाचा दोष जाड मोजे झाकतात, घालवत नाहीत. एका वेळी एकच बदल करावा आणि वहीत नोंद ठेवावी. दोन बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही.

सायकलवरून उतरल्यावरही मुंग्या टिकल्या, लिहिताना पेन नीट धरता येईना किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर मात्र पाना बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

शिक्षकांना एक विनंती. दाब, तरफ आणि कंपने हे धडे आपण फळ्यावर शिकवतो. एका तासासाठी वर्ग शाळेच्या सायकलतळावर न्यावा. पुढच्या चाकाखाली वजनकाटा आणि मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवून, दोघांनी सायकल धरावी. मुलाने एकदा ताठ बसावे आणि एकदा पुढे वाकावे. काट्यावरचा फरक मुले विसरणार नाहीत. त्याच तासात कोणाची सीट झुकली आहे, कोणाचा ब्रेक बोटांना पुरत नाही, तेही दिसेल आणि तेथल्या तेथे दुरुस्त करता येईल.

दुखणे सोसणे हे शौर्य नाही. ज्वरमापकातला पारा चढला, तर आपण पाऱ्याला सवय लावत नाही. तापाचे कारण शोधतो. दुखणारा अंगठाही असाच एक मापक आहे. त्याचे वाचन करायला शिका.