पोर्टल हिंदीत, काकू मराठीत

आमच्या शेजारच्या काकू मागच्या महिन्यात मोबाईल घेऊन आल्या. "बाबू, पाह्य बरं यात काय लिवलं." घराच्या पट्ट्यासाठी त्यांनी एका सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली होती. म्हणजे ऑनलाइन सेंटरवाल्या पोरानं टाकून दिली होती. मग फोन आला, पलीकडून भराभर हिंदी सुरू झाली, काकू "हो, हो" म्हणत राहिल्या. तक्रार बंद. शेरा : तक्रारदार समाधानी.

काकू नरखेडकडून लग्न होऊन पांढुर्ण्यात आल्या. सातबाऱ्याचा खसरा झाला, तलाठ्याचा पटवारी झाला, ते त्यांनी पचवलं. पण काही शब्द दोन्ही भाषांत दिसायला सारखे आणि अर्थानं उलटे. हिंदीत 'राजीनामा' म्हणजे तडजोड, आपल्याकडे नोकरी सोडणं. 'शिक्षा'चं तर विचारूच नका.

मित्र म्हणतात, "आपल्याला हिंदी येते नं बे, मग काहून रडतोस?" येते की. राज्यशास्त्राचे पेपर मी हिंदीतच लिहितो. पण इंटरनेट सर्वांसाठी म्हणायचं आणि प्रत्येक काकूला शेजारचा पोरगा शोधायला लावायचा, याला पोहोच म्हणत नाहीत. ओटीपी पोराच्या फोनवर, पासवर्ड सेंटरवाल्याकडे, आणि नागरिक कोण? काकू.

कायदा आपल्या बाजूनं आहे, हे फार जणांना माहीत नाही. संविधानाचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं. १९५६ मध्ये भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या धोरणात तर असं आहे, की जिल्ह्यात किंवा तहसिलीत त्यांची संख्या १५ ते २० टक्के असेल, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही छापाव्यात. आपण छिंदवाड्यात होतो तेव्हा भल्यामोठ्या जिल्ह्यात मराठी कोपऱ्यात पडायची. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्यात सौंसरही आलं. आता कोपरा कुठला?

३० एप्रिल २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. खटला ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या आणि अंध व्यक्तींच्या केवायसीचा होता, पण मागे राहिलेल्यांत कोर्टानं भाषिक अल्पसंख्याकही मोजले. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या मसुद्यावर लोकांची मतं मागवली, तीही हिंदी-इंग्रजी मसुदा देऊन. दिल्ली हायकोर्टाला सांगावं लागलं, अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करा. मत मागायचं आणि कळू द्यायचं नाही, ही गंमतच.

जमत नाही, हे कारणही उरलेलं नाही. केंद्राचं उमंग ॲप मराठीत चालतं. भाषांतरासाठी सरकारचीच 'भाषिणी' आहे.

म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या पोरापोरींनो, पुढची तक्रार मराठीत टाका. हिंदी रकान्यातही देवनागरी मराठी बसते. नाकारली, तर स्क्रीनशॉट ठेवा आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा. कलम ३५०ब मधलं हे पद त्याचसाठी आहे. एकट्यानं नको, दहा-वीस जणांनी मिळून.

काकूंची तक्रार आम्ही परत टाकली, त्यांच्याच शब्दांत. नंबर मिळाला आहे. या वेळी फोन आला की काकू आधी म्हणणार आहेत, "मराठीत बोला."