पडद्यावरचे व्याख्यान आणि रामनगरची शाळा

आंतरजालावरून होणाऱ्या व्याख्यानांमुळे, ज्यांना वेबकास्ट म्हणण्याचा प्रघात पडला आहे, शिक्षकांचे प्रशिक्षण बसल्या जागी होऊ लागले, हे चांगलेच झाले. जोयडा तालुक्यातील शिक्षकाने एका वर्गासाठी रानवाट आणि घाट तुडवीत कारवार गाठावयाचे, यात त्याचा दिवस बुडतो आणि मुलांचाही. तथापि व्याख्यान ऐकले म्हणजे शिक्षक शिकला, हा सरकारी दप्तरातील हिशेब आम्हांस मान्य नाही.

१९७५-७६ साली उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो प्रयोग देशातील सहा राज्यांत झाला, त्यात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले. पण तेथे केवळ पडदा नव्हता. जोडीला रेडिओ होता, छापील पुस्तिका होत्या, आणि शिक्षकांनी स्वहस्ते करावयाचे प्रयोग होते. पन्नास वर्षांनंतर यंत्रे सुधारली. हाताचे काम मात्र गळाले.

वास्तविक रामनगर हाच एक धडा आहे. काळी नदीवर सुपा येथे १०१ मीटर उंचीचे धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास हलले आणि अनेक विस्थापित कुटुंबे रामनगरास वसली. मुलांनी आजी-आजोबांना विचारून बुडालेल्या गावांचा नकाशा काढावा. देवळे, शेते, पाणवठे त्यात भरावेत. साठलेल्या पाण्यातून वीज कशी निघते ते समजून घ्यावे. शिक्षकाने हे काम पुढच्या वेबकास्टमध्ये इतर शिक्षकांपुढे ठेवावे. मग सांगणारा एक आणि ऐकणारे हजार, ही रीत मोडेल.

अडचण भाषेचीही आहे. कर्नाटकातील मराठी शाळांना पाठ्यपुस्तके कर्नाटकाची; पुण्यामुंबईची मराठी व्याख्याने त्यांच्याशी धड्यागणिक जुळत नाहीत, आणि बंगळुरूची व्याख्याने मुख्यत्वे कन्नडमध्ये. कन्नड शिकावीच, त्यात वाद नाही. पण मराठी शाळेच्या शिक्षकाला विज्ञानाची उकल मराठीत मिळावी, एवढी सोय कर्नाटकाच्या शिक्षण खात्याने करणे अवघड नाही. जेथे जोडणी तुटते तेथे ध्वनिचित्रमुद्रण आधीच शाळेत पोहोचवावे. ज्यांच्या जमिनींवरील पाण्याने वीज दिली, त्यांच्या नातवंडांसाठी ही मागणी जास्त म्हणता येणार नाही.

आणि याला मुदत आहे. ज्यांनी तिशीत आपले गाव सोडले ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. नकाशा त्यांच्याकडूनच काढून घ्यावयाचा आहे. येत्या जूनमध्ये शाळा भरताच या कामास आरंभ व्हावा.