हरणासाठी पेरणारे ते, अन् हरणापायी दुबार पेरणारे आपण

पोस्ट जरा मोठी आहे, पण पेरणी तोंडावर आलीय, म्हणून आत्ताच लिहितोय.

मागच्या जूनमधली गोष्ट. अहमदपूर तालुक्यात आमच्या चुलत्यांचं सहा एकर रान आहे, माळाला लागून. पाऊस बरा झाला, सोयाबीन पेरलं, पाच-सहा दिवसांत तास दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णांचा आखाड्यावरून फोन. "अरे, माळाकडच्या दोन एकरात तासच दिसंनात." रात्रीतून पंचवीस-तीस हरणांचा कळप येऊन गेला होता. कोवळा कोंब हरणानं बुडातून खुडला की तो परत फुटत नाही. एकरी 26 ते 30 किलो बियाणं, खत, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं पुन्हा. आणि त्यानंतर महिनाभर, वयाच्या सत्तरीत, अण्णांची रात्रीची जागल. हातात बॅटरी अन् पत्र्याचा डबा.

त्याच आठवड्यात अण्णांच्या नातवानं पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला. तिकडं गवताळ सपाट मुलूख आहे, आपल्या माळासारखा, पण अफाट. तिथला एक माणूस शेतजमीन घेतो, कडेनं झाडांच्या रांगा लावतो, मधे मधे हरणांसाठी म्हणून क्लोव्हर, मका, सोयाबीन पेरतो. हो, सोयाबीनच! हरणं यावीत म्हणून. मग हंगामात शिकारी येतात, सरकारी परवाना काढतात, जमीनमालकाला पैसे मोजतात. पोरानं खाली लिहिलं होतं, "काका, हे लोक हरीण यावं म्हणून पेरतात आणि आपले आजोबा हरीण जावं म्हणून जागतात."

मी तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला. दोन तट पडले. एक म्हणे, "आपल्यालाही शिकारीची परवानगी द्या, विषय संपला." दुसरे म्हणे, "झाडं लावा, जंगल वाढवा, हरणं तिकडं जातील." मला विचाराल तर दोन्ही उत्तरं आपल्या मातीत बसत नाहीत. का ते सांगतो.

आधी शिकारीचं. आपल्याकडं ज्याला आपण सरसकट हरीण म्हणतो ते बहुतेक काळवीट. वन्यजीव संरक्षण कायदा आला 1972 साली, म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्याच वर्षी. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. शिकार केली तर कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद. 1998 च्या जोधपूरच्या प्रकरणात सलमान खानसारख्या नटाला 2018 साली खालच्या कोर्टानं 5 वर्षांची शिक्षा सुनावली ती काळविटासाठीच. रोही आणि रानडुकराबाबत राज्यानं 2015 साली वनखात्याच्या परवानगीनं मारण्याची वाट काढली, पण काळविटाला ती लागू नाही. आणि लागू असावी असं मलाही वाटत नाही. हा प्राणी भारतीय उपखंडातला. आपल्या माळावर तो आपल्या पणज्याच्याही आधीपासून आहे.

आता झाडांचं. इथं मात्र आपली मोठी गफलत होते. अमेरिकेतलं ते हरीण झाडीच्या कडेकडेनं राहणारं. दिवसा झाडीत दडतं, सांजेला बाहेर येऊन चरतं. म्हणून तिथं झाडांच्या रांगा लावल्या की ते टिकतं. आपलं काळवीट उलट स्वभावाचं. त्याला मोकळा माळ लागतो. लांबवर नजर गेली पाहिजे, आणि संकट दिसलं की ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरनं पळता आलं पाहिजे. त्याचं मुख्य खाणं गवत. दाट झाडी म्हणजे त्याच्यासाठी सावली नव्हे, लांडगा-कुत्रा दडायची जागा. म्हणजे माळावर झाडं दाटीनं लावली की हरीण तिथून उठतं आणि जिथं मोकळं अन् हिरवं दिसेल तिकडं जातं. तशी जागा आता कुठली उरलीय? आपलं रान.

आणि गेल्या दहा वर्षांत आपण नेमकं काय केलं ते आठवा. 2016 ला 2 कोटी झाडं, 2017 ला 4 कोटी, 2018 ला 13 कोटी, 2019 ला 33 कोटी. राज्यभर खड्डे, फोटो, फलक. झाडं लावू नयेत असं कोण म्हणेल? आपल्या लातूर जिल्ह्यात तर जंगल एक टक्काही नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेली माणसं आपण, झाडाची किंमत आपल्याला कुणी सांगायला नको. पण प्रश्न कुठं लावायची अन् कुठली लावायची हा आहे. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. पडीक दिसलं की त्यावर गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावून टाकायची. त्या माळावर मारवेल होतं, पवन्या होतं, कुसळ होतं, हे कुणाच्या लक्षातच नाही. माळ पडीक नसतो. ते गवताचं रान असतं. त्यावर आपली जनावरं जगायची, धनगराची मेंढरं जगायची, हरणं जगायची, त्यांच्या मागं लांडगा असायचा.

बाकीचा माळ आपणच मोडला, हेही खरं बोललं पाहिजे. जेसीबीनं दगड वेचून, नाल्याचा गाळ टाकून माळाचं रान केलं आणि त्यात सोयाबीन पेरलं. गायरानावर अतिक्रमण झालं. आता गायरानावर सौर प्रकल्प येतायत. दिवसा वीज मिळत असेल तर शेतकरी म्हणून मला ती हवीच आहे, पण त्या कुंपणाआड गेलेलं गवतही हिशेबात धरा. त्यात ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजली, ती रानडुकरांना दडायला सोयीची. म्हणजे हरणाचं घर गेलं आणि डुकराला घर मिळालं. दोघंही चरायला येतात ते अण्णांच्या सहा एकरात.

काही जण म्हणतील, "मग आपणही माळावर चारा पेरू, हरणं तिथंच थांबतील." अर्धवट खरं आहे. उन्हाळ्यात आणि रब्बीत चांगलं गवत, प्यायला पाणी असेल तर कळप माळावर जास्त रमेल. पण जूनमध्ये शेजारी सोयाबीनचा कोवळा कोंब दिसत असताना हरीण नुसत्या गवतावर समाधान मानेल असं जो सांगतो, त्यानं एक रात्र आखाड्यावर काढावी. शिवाय अमेरिकेत तो चारा पेरतात तो हरणं वाढावीत, जमावीत म्हणून. तिथं वाढलेल्या संख्येचा हिशेब शिकारी करतो. इथं लांडगाच विरळ झालाय, तेव्हा नुसता चारा पेरून चालणार नाही. माळ राखायचा आणि पेरणीनंतरचा पहिला महिना पीकही राखायचं, दोन्ही एकदम करावं लागेल.

आणि राखायचं तर खर्च येतो. त्या व्हिडिओतली खरी शिकण्यासारखी गोष्ट बंदूक नाही, झाडं पण नाहीत. हरणाचा खर्च तिथं कुणीतरी उचलतो, ही आहे. शिकारी जमीनमालकाला पैसे देतो. अमेरिकेत 1937 पासून बंदुका अन् काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला वळवलेला आहे. आपल्याकडं शिकार बंद, ते चांगलंच झालं. पण मग खर्च कोण करतंय? हरीण देशाचं, कायदा देशाचा, अभिमान सगळ्यांचा, आणि खाऊन जातं ते एकट्या माळकडच्या शेतकऱ्याचं. तोही बहुतेक कोरडवाहू, दोन-पाच एकरवाला. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये. बाजारात तो हातात पडतो का ते तुम्हीच सांगा. त्यातून दुबार पेरणी काढायची, जागल काढायची, अन् वर वन्यप्रेमी म्हणून कौतुकाची थाप घ्यायची!

नुकसानभरपाई आहे की, असं कुणी म्हणेल. आहे. कागदावर आहे. आम्ही अर्ज केला. सातबारा, आठ-अ, फोटो, आधार, बँकेचं पासबुक. मग पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक एका दिवशी एका बांधावर आले पाहिजेत. ते येईपर्यंत अण्णांनी दुबार पेरून टाकलं होतं. पाऊस थांबतो का पंचनाम्यासाठी? आले तेव्हा रान हिरवंगार. "नुकसान दिसत नाही," असं ऐकून घरी आलो. दोष त्या माणसांचा नाही. एका वनरक्षकाकडं किती गावं असतात ते बघा. दोष पद्धतीचा आहे. वाघ-बिबट्याच्या मुलखासाठी बांधलेली पद्धत आमच्या उघड्या माळावर चालवताय. सौर कुंपणाच्या अनुदानाचंही तेच, भर जंगलालगतच्या गावांवर. किनवट-माहूरकडं जंगल आहे, तिथं ठीक. पण कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर, जळकोट इथं जंगल कुठंय? जंगल नाही म्हणून हरीण नाही, असं नसतं ना.

याचा शेवट कसा होतो तेही माहितीय सगळ्यांना. कुणीतरी वैतागून कुंपणाच्या तारेत करंट सोडतं. त्यात डुक्कर मरतं, हरीण मरतं, आणि एखाद्या रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारचा पोरगा मरतो. मग गुन्हा, कोर्ट, दोन घरं उद्ध्वस्त. हात जोडून सांगतो, तारेत करंट सोडू नका. ती चूकच आहे. पण माणूस त्या टोकाला का जातो हे व्यवस्थेनंही विचारावं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे:

1) ग्रामसभेत ठराव घ्या की शिल्लक माळ अन् गायरानाचा काही भाग गवतासाठीच राहील. तिथं मारवेल, पवन्या लावा, चराईला पाळी ठरवा, उन्हाळ्यासाठी पाणवठा करा. काम रोजगार हमीतून होऊ शकतं. गवत कापून आपल्या जनावरांनाही मिळेल.

2) झाडं जरूर लावा, पण बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेत, स्मशानभूमीत. कडुलिंब, बोर, हिवर, आपटा, पळस, आपली माहितीतली झाडं. माळाच्या मधोमध गिरिपुष्पाचे ताटवे नकोत.

3) कुंपणाचं अनुदान जंगलापासूनच्या अंतरावर नको, नुकसानीच्या नोंदीवर द्या. एकेकट्या शेताला नको, माळाकडच्या सगळ्या शेतकऱ्यांना मिळून. एकानं कुंपण केलं की कळप शेजाऱ्याच्या रानात जातो.

4) उगवणीच्या काळातलं नुकसान मोबाइलवरच्या फोटोवर धरा आणि निदान दुबार पेरणीचं बियाणं-खत तरी पंधरा दिवसांत द्या. वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान खरीप 2026 पासून पीक विम्यात घेता येईल, असं केंद्रानं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलंय. 72 तासांत ॲपवर फोटोसह कळवायचं आहे. पण कोणते प्राणी अन् कोणते जिल्हे हे राज्यानं ठरवायचंय. आपले तालुके त्यात आहेत का, हे आमदार-खासदारांना पेरणीआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नाही.

5) हरणापासून गावाला चार पैसे मिळण्याची वाट शोधा. पुणे जिल्ह्यात इंदापूरच्या कडबनवाडीला वनखात्यानं गवताळ माळावरची सफारी सुरू केलीय, गावातलीच पोरं वाटाड्याचं काम करतात. लोक पैसे देऊन चिंकारा अन् लांडगा बघायला जातात. सगळीकडं हे जमेल असं नाही, त्यातून अण्णांचे दोन एकर भरून निघणार नाहीत. पण हरीण म्हणजे नुसता तोटा, हा समज तरी मोडेल.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कमेंटमध्ये वाद होईल. गायरान राखा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर पोट भरणाऱ्या भूमिहीनांना हाकला, असं मी म्हणत नाही. त्यांचा हक्काचा प्रश्न वेगळा आणि आधीचा आहे. मी बोलतोय ते उरलेल्या मोकळ्या माळाबद्दल, ज्याला अजून 'पडीक' म्हणून लिहिलं जातं.

मागच्या दिवाळीत अण्णांना विचारलं, एवढं नुकसान झालं, राग नाही येत हरणांचा? म्हणाले, "ते काय मुद्दाम येतंय का? त्याचा माळ आपण नांगरला. पण माझं बी तर वाया गेलंच ना." एवढंच त्यांचं म्हणणं. त्यातली दोन्ही वाक्यं एकत्र ऐकणारा अधिकारी अन् पुढारी आपल्याला पाहिजे.

तुमच्या शिवारात काय परिस्थिती आहे ते कमेंटमध्ये लिहा. तालुका, पीक, किती एकर गेलं आणि भरपाई किती दिवसांत मिळाली, मिळाली नसेल तर तेही. सगळं एकत्र करून पेरणीच्या आधी दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचा विचार आहे. सोबत यायचं असेल तर कळवा.