कर्ज फिटले की येते

यंदा आमच्याकडे फराळ भाद्रपदातच झाला. थोरली जैवतंत्रज्ञान शिकायला इंग्लंडला निघाली, म्हणून हिने घाईने चकल्या तळल्या. पंचवटीतले घर बँकेकडे गहाण पडले, ते मी कुणाजवळ बोललो नाही. आई मात्र बोललीच, ‘‘पोरगी परत येईल ना रे?’’

मी तिला कमला सोहोनींची हकिकत सांगितली. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने बाई म्हणून प्रवेश नाकारला. तो त्यांनी हट्टाने मिळवला. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे दाखवून डॉक्टरेट घेतली आणि १९३९ साली त्या मायदेशी परतल्या. मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले.

‘‘आणि कर्ज?’’ आईने विचारले.

‘‘त्यांना शिष्यवृत्ती होती.’’

आई गप्प झाली. मीही.

थोरली बॅग भरता भरता म्हणाली, ‘‘आजी, मामाच्या द्राक्षांवर दरसाल भुरी पडते ना? तेच शिकायला चाललेय. कर्ज फिटलं की येते.’’

परवा तिचा फोन आला, ‘‘बाबा, चकल्या संपल्या!’’

आई लगेच म्हणाली, ‘‘बघ, येईल ती.’’