पायलटच तर आहे!

आमच्या आयटीत 'पायलट' हा फार सोयीचा शब्द आहे. बजेट मिळालं नाही? पायलट. टेस्टिंग पुरं झालं नाही? पायलट. क्लायंटला भलतीच तारीख देऊन बसलोय? मग तर पायलटच पायलट! बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं खपून जातं. फार तर चार इन्व्हॉइस चुकतात, रविवारी ऑफिसला येऊन दुरुस्त करतो. पण हल्ली आपल्यातली बरीच मंडळी हेल्थ ॲप्सकडे वळली आहेत. खोकल्याच्या आवाजावरून टीबीचा अंदाज, डोळ्याच्या फोटोवरून मधुमेहाचा परिणाम वगैरे. आणि तिथल्या मीटिंगमध्येही मी हे वाक्य एकदा नाही, अनेकदा ऐकलंय: "एथिक्स कमिटी कशाला? पायलटच तर आहे."

या एका वाक्याशी माझं भांडण आहे.

आधी ही कमिटी म्हणजे काय ते थोडक्यात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तिच्यात ७ ते १५ माणसं असतात. डॉक्टर असतातच, पण शिवाय एक कायदा जाणणारा, एक समाजशास्त्र वगैरे विषयांतला आणि एक चक्क सर्वसामान्य माणूस. शक्यतो निम्मे सभासद बाहेरचे, आणि अध्यक्ष तर बाहेरचाच. २०१९ च्या नियमांनी आरोग्य संशोधन तपासणाऱ्या कमिट्यांना सरकारदरबारी नोंदणीही सक्तीची केली. कमिटी विचारते ते प्रश्न साधे असतात. हे कशासाठी करताय? माणसं कशी निवडणार? काही बिघडलं तर उपचार कोण करणार, खर्च कोण देणार? माहिती कुठे राहणार, कोण बघणार?

प्रत्येक अर्जाला मोठी बैठक लागते असंही नाही. धोका किती, त्याप्रमाणे पूर्ण तपासणी, जलद तपासणी किंवा तपासणीतून सूट असे तीन रस्ते आहेत. पण खरी गोम इथेच आहे. सूटसुद्धा कमिटीच देते. आपण आपल्याला द्यायची नसते! स्वतःची पुल रिक्वेस्ट स्वतःच ॲप्रूव्ह करणाऱ्याला आपण टीममध्ये काय म्हणतो, ते आठवा.

"संशोधन नाहीच हे" असं परस्पर ठरवलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातला खम्मम जिल्हा आणि गुजरातेतला वडोदरा इथे १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना एचपीव्हीची लस दिली गेली. 'पाथ' ही अमेरिकी संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकारं असा एकत्रित प्रकल्प होता. याला 'प्रात्यक्षिक प्रकल्प' म्हटलं गेलं, म्हणजे क्लिनिकल ट्रायलचे नियम लागू नाहीत अशी भूमिका. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याची शक्यता चौकशीत दिसली नाही, आणि लस वाईट होती असं माझंही म्हणणं अजिबात नाही. पण संमतीचे कागद बघा. आंध्रातल्या ९,५४३ फॉर्म्सपैकी २,७६३ फॉर्म्सवर सह्या होत्या वसतिगृहाच्या वॉर्डनच्या! आईबापांच्या नव्हेत. १,९४८ फॉर्म्सवर नुसते अंगठे. २०१३ साली संसदीय समितीने ही ट्रायलच होती असं ठणकावून सांगितलं. तोवर लस टोचून झाली होती.

बरं, हे खेड्यापाड्यात होतं, आपण शहाणे, असं वाटत असेल तर आपल्याच धंद्यातलं घ्या. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट्स मुद्दाम कमी केल्या आणि त्यांच्या मूडवर काय परिणाम होतो ते मोजलं. २०१४ मध्ये पेपर छापून आला तेव्हा एकच गदारोळ झाला. फेसबुकचं उत्तर होतं, लोकांनी अटी मान्य केल्या होत्या की. आणि कॉर्नेल विद्यापीठाचं म्हणणं, माहिती कंपनीने जमवली, म्हणून आमच्या कमिटीकडे यायची गरज नव्हती. म्हणजे दोघांनीही आपापल्या जागी 'हे आमच्याकडे येत नाही' म्हटलं. 'आय ॲग्री'वर टिचकी मारणाऱ्या त्या लाखो लोकांत तुम्हीआम्हीही असू शकलो असतो.

आता दुसरी बाजू. कमिट्यांबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. कुठे बैठकच महिनोन्‌महिने होत नाही, कुठे शुद्धलेखनावर काथ्याकूट होतो आणि मूळ धोक्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. चार हॉस्पिटलं म्हटली की चार वेळा तेच अर्ज. आयसीएमआरने २०१९ मध्ये सगळ्यांसाठी सामायिक फॉर्म्स काढले, ते सरसकट वापरात यायला हवेत. पण सिग्नल बिघडलाय म्हणून तो काढूनच टाका, असं आपण म्हणत नाही ना? दुरुस्त करा म्हणतो.

आणि खरं सांगू? अर्जातला सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे रुग्णासाठीचं माहितीपत्रक. मराठीतलं. "आपला डेटा अनामिक स्वरूपात तृतीय पक्षास हस्तांतरित होऊ शकतो" असलं नाही हं! "तुमच्या खोकल्याचं रेकॉर्डिंग आम्ही कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवू. त्यावर तुमचं नाव नसेल. नको वाटलं तर केव्हाही सांगा, तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील." एवढं लिहून बघा. तिसऱ्या वाक्याला अडखळायला होतं. कारण 'नको' म्हटल्यावर रेकॉर्डिंग पुसता येईल, पण त्यावर शिकून बसलेल्या मॉडेलचं काय? ते सहजासहजी विसरत नाही. मग हे आजींना सही करण्याआधीच सांगायला नको? हा प्रश्न आर्किटेक्चरच्या एकाही बैठकीत निघत नाही, या साध्या कागदावर निघतो.

म्हणून माझं मत असं, की पहिली ओळ कोडची लिहिण्याआधी हा कागद लिहावा, आणि पहिल्या रुग्णासमोर मोबाइल धरण्याआधी अर्ज करावा. मागाहून मंजुरी मिळत नसते, तशी तरतूदच नाही. उत्तर "तुम्हाला सूट आहे" असं आलं तर उत्तमच. आठवडे गेले म्हणून मॅनेजर कुरकुरेल, कुरकुरू दे. त्या आजींना आपलं स्प्रिंट कुठे माहीत असतं? त्या दवाखान्यात खोकला बरा व्हावा म्हणून आलेल्या असतात.

परवानगी हातात आली की मग खुशाल करा पायलट.