शुगर आटोक्यात आहे, हृदयाचं काय?

६ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत एका मोठ्या वैद्यकीय चाचणीचा एक भाग मुदतीआधीच थांबवण्यात आला. चाचणीचं नाव 'ॲकॉर्ड'. अमेरिका आणि कॅनडातले १०,२५१ मधुमेही तिच्यात सामील होते. सरासरी वय ६२, मधुमेह जडून साधारण दहा वर्षं झालेली, आणि प्रत्येकाला एकतर हृदयविकार होऊन गेलेला किंवा होण्याची दाट शक्यता. निम्म्या रुग्णांची साखर निरोगी माणसाइतकी, म्हणजे एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) सहा टक्क्यांच्या खाली आणायची. उरलेल्यांची सात ते आठच्या दरम्यान ठेवायची, असा बेत होता. कडक उपचारांच्या गटात साखर खरोखरच उतरली, ६.४ पर्यंत आली. दुसऱ्या गटात ती ७.५ होती. साडेतीन वर्षांनी मृत्यूंची मोजणी केली तेव्हा दुसऱ्या गटात २०३ आणि कडक उपचारांच्या गटात २५७ जण दगावलेले आढळले.

रिपोर्ट चांगले आले होते, आणि माणसं जास्त गेली होती.

ही चाचणी प्रत्येक मधुमेही कुटुंबाला ठाऊक असायला हवी, असं माझं मत आहे. तिचा अर्थ 'साखर वाढली तरी चालते' असा मुळीच नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांचं रक्षण साखर आटोक्यात ठेवल्यानेच होतं, याबद्दल आज कोणाला शंका नाही. पण हृदय आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा हिशेब वेगळा आहे. मधुमेही माणूस नुसती साखर चढून क्वचित मरतो. तो बहुतेक वेळा जातो हृदयविकाराच्या झटक्याने, पक्षाघाताने, थकलेल्या हृदयामुळे किंवा निकामी झालेल्या मूत्रपिंडांमुळे. १९९८ साली फिनलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मधुमेहींना आधी कधीच ॲटॅक आला नव्हता, त्यांच्यापैकी २०.२ टक्क्यांना सात वर्षांत तो आला. मधुमेह नसलेल्या, पण एकदा ॲटॅक येऊन गेलेल्या लोकांमध्ये दुसऱ्या ॲटॅकचं प्रमाण १८.८ टक्के होतं. प्रत्येक मधुमेहीला हे समीकरण जसंच्या तसं लागू होत नाही, हे पुढच्या अभ्यासांतून दिसलं. वय, मधुमेहाची वर्षं, रक्तदाब यांनी फार फरक पडतो. तरीही मधुमेह आणि हृदयविकार हे दोन वेगळ्या डॉक्टरांकडचे दोन वेगळे आजार समजणं चूक आहे, एवढं त्या आकड्यांनी पक्कं केलं.

हे का होतं, ते थोडक्यात सांगतो. टाइप टू मधुमेहात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. त्याच बिघाडाबरोबर रक्तातले ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक आणि घट्ट होतात, रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर या सगळ्यांचा मारा एकदम सोसत असतं. साखर त्यातला एक घटक आहे. तिला बोटाच्या एका थेंबात घरी मोजता येतं, म्हणून ती आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसली.

आणखी एक गोष्ट मधुमेहींच्या घरात माहीत असायलाच हवी. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने नसा बोथट होतात, त्यामुळे ॲटॅक आला तरी छातीत ठरावीक कळ येईलच असं नाही. दम लागतो, दरदरून घाम फुटतो, मळमळतं, एकाएकी गळून गेल्यासारखं होतं. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल, ॲसिडिटी असेल. सोडा, ओवा, आल्याचा रस सुरू होतो. ॲटॅकमध्ये पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात आणि ते तिथेच निघून जातात. मधुमेही माणसाला असं अचानक होऊ लागलं तर आधी ईसीजी काढा. गॅसचा विचार त्यानंतर.

आता ब्रिटनमधल्या 'यूकेपीडीएस' या अभ्यासाकडे वळतो. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट टर्नर यांनी तो १९७७ मध्ये सुरू केला, त्यात ५,१०२ नव्याने निदान झालेले मधुमेही घेतले आणि निष्कर्ष यायला १९९८ साल उजाडलं. साखर कडक ठेवलेल्या गटात डोळे-मूत्रपिंडांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या व्याधी २५ टक्क्यांनी कमी झाल्या. हृदयविकाराच्या झटक्यांत १६ टक्के घट दिसली, पण ती योगायोगाची असू शकत नाही असं छातीठोकपणे म्हणण्याइतकी भक्कम नव्हती. याच अभ्यासाच्या पोटात दुसरा अभ्यास होता, रक्तदाबाचा, १,१४८ रुग्णांचा. एका गटाचा रक्तदाब सरासरी १४४/८२ राहिला, दुसऱ्याचा १५४/८७. वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा. त्या दहाच्या फरकाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. औषधं होती कॅप्टोप्रिल आणि ॲटेनोलॉल, दोन्ही त्या काळातल्या नेहमीच्या गोळ्या.

हा निष्कर्ष येऊन पाव शतक उलटून गेलं. तरी आपल्याकडे मधुमेहीच्या फाइलमध्ये शुगरचे रिपोर्ट ओळीने लावलेले सापडतात आणि बीपीच्या नोंदी शोधाव्या लागतात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याच ब्रिटिश रुग्णांची पाहणी पुढे दहा वर्षं चालू ठेवली, तेव्हा एक दिलासा देणारी गोष्ट कळली. सुरुवातीच्या काळात साखर नीट सांभाळलेल्यांमध्ये ॲटॅकचं प्रमाण २००८ पर्यंत खरोखरच कमी भरलं. म्हणजे निदान झाल्याबरोबर साखर आवरण्याचं फळ उशिरा का होईना, हृदयालाही मिळतं. उलट, मधुमेह मुरलेल्या आणि हृदय आधीच दुखावलेल्या माणसाची साखर औषधांवर औषधं देऊन झपाट्याने खाली खेचणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. पंचेचाळिशीच्या मुलाचं आणि पंचाहत्तरीच्या आजोबांचं एचबीएवनसीचं लक्ष्य एकच असू नये. घरातल्यांनी आजोबांना 'सातच्या खाली का नाही?' म्हणून रागावण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावं.

औषधांची कहाणीही याच वळणाने गेली. १९७० मध्ये अमेरिकेतल्या 'यूजीडीपी' चाचणीत टॉल्ब्युटामाइड घेणाऱ्या २०४ जणांपैकी २६ जण हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. औषधाविना नुसती गोळी घेणाऱ्या २०५ पैकी १०. त्यावर वर्षानुवर्षं वाद झडले. पुढे १९९९ मध्ये रोझिग्लिटाझोन आलं. साखर छान उतरायची, जगभर खपलं. मे २००७ मध्ये स्टीव्हन निसेन आणि कॅथी वोल्स्की यांनी ४२ चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडली आणि ॲटॅकचा धोका ४३ टक्क्यांनी जास्त दिसल्याचं सांगितलं. युरोपने २०१० मध्ये ते बाजारातून काढलं, भारतानेही त्याच वर्षी बंदी घातली. अमेरिकेने नंतर २०१३ मध्ये पुन्हा तपासणी करून बरेचसे निर्बंध उठवले, हेही नोंदवायला हवं. पण तोवर एक मोठा धडा घेतला गेला होता. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं, की मधुमेहाच्या नव्या औषधाने नुसती साखर उतरवून भागणार नाही. हृदयाला अपाय होत नाही हेही दाखवावं लागेल.

या नियमाबद्दल मला मनापासून आदर आहे. नियम केला होता अपाय शोधण्यासाठी, आणि हाती लागला उपाय. सप्टेंबर २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीचे निकाल वाचून दाखवले गेले. ७,०२० मधुमेही, सगळ्यांना हृदय-रक्तवाहिन्यांचा विकार असलेला. नेहमीच्या उपचारांत या गोळीची भर घातल्यावर तीन वर्षांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी आणि हार्ट फेल्युअरसाठी इस्पितळात भरती होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. साखरेतला फरक अगदी किरकोळ होता. हे औषध मूत्रपिंडांवाटे जादा साखर लघवीतून बाहेर सोडतं. या कुळाचा मूळपुरुष, फ्लोरिझिन, १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केला होता. २०१९ मध्ये याच कुळातल्या डापाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही लाभ दिला. साखरेचं म्हणून निघालेलं औषध हृदयाचं ठरलं. अर्थात ते सरसकट सगळ्यांसाठी नाही. जननेंद्रियांना जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि आजारपणात किंवा कडक उपासात रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेजाऱ्याची गोळी घेऊ नका.

भारतात एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं. गोळीमागे ६० रुपयांच्या आसपास असलेली किंमत काही कंपन्यांनी १० रुपयांच्याही खाली आणली. निम्नमध्यम घरासाठी हा फरक प्रचंड आहे, आणि ज्याला हृदयविकार आहे अशा मधुमेहीने पुढच्या भेटीत 'मला हे चालेल का?' असं डॉक्टरांना जरूर विचारावं.

आपल्यासाठी ही निकड आणखी मोठी का? २००४ च्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतर देशांत तो जवळपास ५९ व्या वर्षी येत होता. सहा वर्षं, आणि तीही मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते सुरू असतानाची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी लपलेली असते. त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स एकच होता, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. 'मी कुठे जाडा आहे?' हे आपल्याकडचं उत्तर म्हणूनच फसवं आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि ३१.५ कोटी रक्तदाबाचे रुग्ण असल्याचा अंदाज दिला. या दोन गटांत बरीचशी माणसं तीच आहेत.

उपाय ठाऊक आहे. डेन्मार्कच्या 'स्टेनो-२' अभ्यासात अवघे १६० रुग्ण होते. त्यांच्यापैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, चालणं, तंबाखू या सगळ्यांवर एकाच वेळी काम केलं. आठएक वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांचे विकार निम्म्याहून कमी झाले आणि २१ वर्षांच्या पाहणीअंती ही माणसं जवळपास आठ वर्षं जास्त जगलेली दिसली. कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल आपल्याकडे नाहक भीती आहे. २००४ च्या 'कार्ड्स' चाचणीत रोजच्या १० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिनने मधुमेहींमधले हृदय-रक्तवाहिन्यांचे मोठे आघात ३७ टक्क्यांनी कमी केले. लाभ इतका उघड होता, की चाचणी ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी थांबवली.

मग अडतं कुठे? पाठपुराव्यात. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा दवाखान्यांत 'कार्स' नावाची चाचणी झाली. १,१४६ मधुमेही रुग्ण, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. एका गटात नेहमीचे उपचार, तर दुसऱ्यात डॉक्टरांच्या मदतीला संगणकावरची सूचनाप्रणाली आणि रुग्णांशी संपर्क ठेवणारा एक समन्वयक. तो डॉक्टर नव्हता. तपासणीची तारीख चुकली की फोन करायचा, गोळ्या बंद का केल्या ते विचारायचं, हेच त्याचं काम. साखर आटोक्यात, आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही आटोक्यात, असे रुग्ण पहिल्या गटात ८.१ टक्के होते. समन्वयक असलेल्या गटात १८.२. दुपटीहून जास्त. म्हणजे या चांगल्या गटातही दर पाचातले चार जण बाहेरच राहिले, इतकं आपलं काम मागे आहे.

रक्तदाबासाठी सरकारने २०१७ पासून जो राष्ट्रीय उपक्रम चालवला, त्यात महाराष्ट्र पहिल्या राज्यांपैकी एक होता. ठरलेल्या गोळ्या, ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद, अशी त्याची साधी रीत. माझी मागणी अशी, की मधुमेहींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच रीत लावावी. दर भेटीत बीपी, वर्षातून एकदा कोलेस्टेरॉल आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं, आणि गैरहजर रुग्णाला फोन करणारं एक पगारी पद प्रत्येक केंद्रावर असावं. येत्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याला नव्या इमारतींसाठी पैसे मिळतील तेव्हा ही पदं आधी मंजूर व्हावीत.