जलविहाराला शिस्त हवी

पावसाळा सरतो, नद्यांचे गढूळ पाणी निवळते आणि शाळांमधून सहलींचे बेत शिजू लागतात. येत्या तीन-चार महिन्यांत गोमंतकातील आणि शेजारच्या प्रांतांतील हजारो मुले व कुटुंबे कोठल्या ना कोठल्या तळ्यावर, नदीपात्रात किंवा धरणाच्या जलाशयात नौकाविहारास जातील. मांडवीच्या पात्रातील संध्याकाळ, चोडणच्या खारफुटीतील पाखरे, कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी उन्हात पहुडलेल्या मगरी हे सारे डोळे भरून पाहावे असेच आहे, आणि ते कुणी पाहू नये असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु पाण्यावर गेलेला प्रत्येक माणूस सुखरूप काठावर परतला पाहिजे, या साध्या गोष्टीची हमी आज कोण देतो, हा प्रश्न हंगाम सुरू होण्यापूर्वीच विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. हंगामानंतर तो विचारला जातोच. पण तेव्हा तो चौकशी आयोगापुढे विचारला जातो.

बडोद्याचे उदाहरण घ्या. मराठी माणसाला हे नगर परके नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी तेथील हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची नौका उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका प्राणास मुकल्या. नौकेत तिच्या क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसे होती आणि जीवरक्षक जाकिटे मोजक्याच मुलांच्या अंगावर होती. वादळ नव्हते, पूर नव्हता, खडक नव्हता. शहराच्या वस्तीतला तो तलाव. काठ हाकेच्या अंतरावर. याहून दुःखाची गोष्ट अशी की, याच बडोद्यातील सूरसागर तलावात १९९३ च्या जन्माष्टमीला अशीच एक खच्चून भरलेली नौका उलटून २२ जण बुडाले होते. म्हणजे त्या नगराला धडा मिळालेला होता. तीस वर्षांत तो धडा पुसला गेला, आणि त्याची किंमत जी मुले १९९३ साली जन्मलीही नव्हती त्यांनी मोजली.

हा दोष एकट्या बडोद्याचा नव्हे. केरळात थेक्कडीच्या जलाशयात ३० सप्टेंबर २००९ रोजी पर्यटकांची नौका उलटून ४५ जण दगावले. त्याच राज्यात तानूर येथे ७ मे २०२३ रोजी अंधार पडल्यावर निघालेली, मूळच्या मासेमारी नौकेत फेरफार करून बनविलेली नौका बुडाली आणि २२ जणांचा बळी गेला. महाराष्ट्रात उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी अकस्मात सुटलेल्या वाऱ्याने नाव उलटली व ६ जण बुडाले. ती नाव विहाराची नव्हती, नित्याच्या जाण्यायेण्याची होती, पण वारा असा भेद करीत नाही. आणि कोकणच्या किनाऱ्यावरील घराघरांत ‘रामदास’ बोटीची आठवण अजून सांगितली जाते. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना, मुंबईहून रेवसकडे निघालेली ती आगबोट सहाशेंहून अधिक उतारूंसह बुडाली.

या साऱ्या घटनांची स्थळे व वर्षे निरनिराळी असली तरी कारणे थोडी आणि तीच ती आहेत. नौका तरते ती तिच्या समतोलावर. माणसे वाढली की ती पाण्यात खोल बसते आणि काठ व पाणी यांमधले अंतर घटते. मग लहानशी लाटही आत येऊ शकते. आत आलेले पाणी एका जागी थांबत नाही. नौका ज्या बाजूला कलते त्याच बाजूला ते धावते आणि कल वाढवते. माणसांचेही तसेच. मगर दिसली, हरीण दिसले, कुणी छायाचित्रासाठी हाक मारली की सारे एका अंगाला उठून उभे राहतात. भार एका बाजूला जातो, उंचही होतो आणि पापणी लवण्याच्या आत नौका पालथी होते. वर छप्पर असेल तर ते बाहेर पडण्याची वाटच अडविते. दुमजली नौका मिरविण्याची हौस छोट्या तळ्यांवर म्हणूनच घातक ठरते.

येथे नद्यांचा स्वभावही ध्यानी घ्यावा लागतो. मांडवी व जुवारी या भरती-ओहोटीच्या नद्या आहेत. पावसाचे पाणी आणि ओहोटी एकत्र झाली म्हणजे संथ दिसणारा प्रवाह समुद्राकडे विलक्षण वेगाने ओढू लागतो. सकाळी ज्या वळणावरून नाव लीलया गेली, त्याच वळणावर दुपारी तिला आवरणे कठीण होते. हे गावच्या नावाड्याला ठाऊक असते; चार महिन्यांसाठी इंजिनावर बसविलेल्या पोराला ते ठाऊक असतेच असे नाही.

‘आम्हांस पोहता येते’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण पोहण्याचा तलाव वेगळा आणि अंगावरचे लुगडे, पायांतले जोडे, गळ्यात पडलेले भेदरलेले मूल यांसह अवचित पाण्यात फेकले जाणे वेगळे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने प्रसिद्ध केलेल्या २०२३ च्या हिशेबाप्रमाणे, विहारनौकांच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकी शंभरांतील ८७ जणांच्या अंगावर जाकीट नव्हते. आमच्याकडे मुलाला विहिरीत पोहायला शिकविताना पाठीला सुका भोपळा बांधीत. त्या भोपळ्याची कुणाला लाज वाटत नव्हती. जाकीट हा त्याच भोपळ्याचा आजचा अवतार आहे. मग ते घालताना आम्ही का लाजावे? बाकाखाली गाठोडे करून ठेवलेले जाकीट नसल्यासारखेच आहे. ते धक्क्यावरच, पाऊल नावेत टाकण्यापूर्वी, अंगावर चढले पाहिजे, त्याचे पट्टे आवळले पाहिजेत, आणि मुलाला मुलाच्याच मापाचे मिळाले पाहिजे.

कायद्याची उणीव आहे असे मात्र नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ सालीच नौकासुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. गोमंतकात बंदर कप्तान खाते आहे. कागद भरपूर आहेत. उणीव आहे ती धक्क्यावर उभे राहून ‘आता पुरे, आणखी एकही माणूस चढणार नाही’ असे म्हणणाऱ्या आवाजाची. तो आवाज उठत नाही, कारण प्रत्येक ज्यादा माणसामागे पैसे आहेत. दुर्घटनेनंतर समिती नेमणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला, याहून अधिक काय?

नावाडी आम्हांस सांगतील की, हंगाम चार महिन्यांचा, आणि आपण नाकारलेला उतारू शेजारची नाव घेऊन जाते. ही तक्रार खरी आहे, म्हणूनच नियम सर्वांना सारखा हवा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सॅम्युअल प्लिमसॉल या लोकप्रतिनिधीने अतिभाराने बुडणाऱ्या जहाजांविरुद्ध आवाज उठविला तेव्हा जहाजमालकांनी धंदा बुडेल असाच ओरडा केला होता. १८७६ साली कायदा झाला आणि भारमर्यादेची रेघ जहाजांवर आली. धंदा बुडाला नाही. माणसे वाचली, आणि प्रामाणिक मालकाला अप्रामाणिकाच्या स्पर्धेतून सुटका मिळाली. ती रेघ आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

अशीच रेघ आमच्या लहान नौकांवरही ओढावी, अशी आमची मागणी आहे. नौकेत किती माणसे बसतील तो आकडा बाजूवर ठळक रंगवावा आणि धक्क्याच्या फलकावर मराठीत, कोंकणीत व इंग्रजीत लिहावा, म्हणजे उतारू स्वतःच मोजतील. ठेकेदाराने नावाड्याला माणशी नव्हे, फेरीमागे मोबदला द्यावा; मग अधिक माणसे कोंबण्याचा मोहच उरणार नाही. सूर्य मावळल्यावर व वाऱ्याचा इशारा असताना विहार बंद राहावा. प्रत्येक धक्क्यावर दोर, तरंगकडे आणि सज्ज बचावनौका असावी. नौकांची तपासणी हंगामाच्या तोंडावर व्हावी आणि तिचा दाखला उतारूंना दिसेल असा लावावा.

शाळांनाही आमचे दोन शब्द. सहलीला निघालेल्या शिक्षकाला ‘या नावेत माझी मुले बसणार नाहीत’ असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार असला पाहिजे, आणि तो वापरल्याबद्दल त्याला पुढे कुणी बोल लावता कामा नये. पालकांनीही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी जाकिटांविषयी विचारावे. मुलांना तीन गोष्टी घरीच शिकवाव्यात: नावेत उभे राहू नये, नाव उलटलीच तर तिला धरून राहावे, काठाकडे पोहत सुटू नये, आणि कुणी बुडत असेल तर अंगावर उडी न घेता दोर, बांबू किंवा तरंगणारी वस्तू द्यावी. बुडत्याला वाचवायला गेलेला दुसरा बुडाल्याच्या बातम्या आम्ही दर उन्हाळ्यात छापतो, आणि त्या छापताना हात जड होतात.

परकीयांचे अन्यायी कायदे मोडणे हे एके काळी व्रत होते. स्वराज्यात, आपल्याच मुलांच्या जिवासाठी आपण केलेला नियम चार रुपयांसाठी मोडणे यात कसला पुरुषार्थ? सरकारने, ठेकेदाराने, नावाड्याने आणि उतारूने आपापला वाटा उचलावा. यंदाचा हंगाम उघडण्यापूर्वी नौकांवर तो आकडा रंगविलेला दिसेल काय, याची आम्ही वाट पाहत आहोत.